मानवी तस्करीचा संशय आला तर: महाराष्ट्रात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वर्तमानपत्रात ज्याला ‘मानवी तस्करी’ म्हणतात, त्यालाच पोलीस आयुक्तालयातील पाटीवर ‘अनैतिक मानवी वाहतूक’ म्हणतात, पोलिसांच्या रोजच्या बोलण्यात त्याचे ‘पिटा’ होते आणि वीटभट्टीवर तोच प्रकार ‘उचल’ या साध्या शब्दाआड लपलेला असतो. नव्या कार्यकर्त्याचा गोंधळ येथूनच सुरू होतो. या विषयाला एकच कायदा नाही आणि एकच कार्यालयही नाही. पोलीस, महसूल, महिला व बाल विकास, विधी सेवा प्राधिकरण आणि रेल्वे सुरक्षा दल या सर्वांकडे कामाचा एकेक तुकडा असतो. सुटका झालेली मुलगी किंवा मजुराचे कुटुंब पुन्हा त्याच जाळ्यात सापडते, तेव्हा बहुतेक वेळा एका कार्यालयातला कागद दुसऱ्या कार्यालयात वेळेवर पोहोचलेला नसतो. तो कागद पोहोचवणे हे आपले खरे काम आहे, असे मी या क्षेत्रात येणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना, पोलीस पाटलांना, अंगणवाडी सेविकांना आणि संस्थांच्या नव्या कार्यकर्त्यांना सांगतो, आणि त्याच क्रमाने पुढील पायऱ्या मांडतो.

पहिली पायरी: समोरचा प्रकार कायद्याने तस्करी आहे का, हे ओळखणे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तिच्या कलम १४३ मध्ये या गुन्ह्याची व्याख्या आहे. तपासताना तीन गोष्टी पाहाव्यात. माणसाचे काय केले, म्हणजे त्याला कामावर घेतले, नेले, लपवून ठेवले, दुसऱ्याच्या हवाली केले की ताब्यात घेतले. कोणत्या मार्गाने केले, म्हणजे धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा त्या व्यक्तीवर ताबा असणाऱ्याला पैसे अथवा इतर लाभाचे आमिष. आणि कशासाठी केले, म्हणजे लैंगिक किंवा शारीरिक शोषण, गुलामी, भीक मागायला लावणे अथवा बळजबरीने अवयव काढणे. या तिन्ही गोष्टी जुळल्या की गुन्हा होतो. त्यासाठी राज्याची किंवा देशाची सीमा ओलांडावी लागत नाही. शेजारच्या तालुक्यात नेणेही पुरेसे आहे.

‘ती स्वतःच्या मर्जीने गेली’ हे वाक्य आपल्याला प्रत्येक टप्प्यावर ऐकावे लागेल. हा गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती महत्त्वाची नाही, असे याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. ती ओळ छापील प्रतीवर अधोरेखित करून सोबत ठेवावी. शिक्षा कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १० वर्षे आहे, बालकाच्या बाबतीत ती १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते आणि गुन्ह्यात लोकसेवक किंवा पोलीस सामील असेल, तर उरलेल्या नैसर्गिक आयुष्यभराची जन्मठेप सांगितली आहे. पुढच्याच कलम १४४ मध्ये तस्करी झालेल्या व्यक्तीला जाणूनबुजून लैंगिक शोषणासाठी वापरून घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. फिर्याद लिहिताना हे कलम हमखास विसरले जाते, त्यामुळे दलाल सापडतो आणि मालक मोकळा राहतो.

या सर्वसाधारण कायद्याखाली विशेष कायद्यांचा दुसरा थर आहे. ‘पिटा’ म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. वेठबिगारीसाठी १९७६ चा अधिनियम आहे आणि बालकांसाठी २०१२ चा पोक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) व २०१५ चा बाल न्याय अधिनियम आहे. राज्याच्या स्वतःच्या कायद्यांपैकी महाराष्ट्र देवदासी प्रथा (निर्मूलन) अधिनियम, २००५ हा सीमाभागात काम करणाऱ्यांनी वाचलाच पाहिजे. टोळीविरुद्ध आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल असतील, तर १९९९ च्या ‘मकोका’चा, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचा, विचार करता येतो, तो निर्णय मात्र पोलिसांच्या वरिष्ठ पातळीवरचा आहे.

दुसरी पायरी: वय

पुढचा सगळा मार्ग वयावर अवलंबून असल्याने इतर चौकशीच्या आधी वयाचा पुरावा शोधावा. अठरा वर्षांखालील व्यक्ती बाल कल्याण समितीसमोर जाते, प्रौढ व्यक्ती दंडाधिकाऱ्यांसमोर. दलालाला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, म्हणून तो मुलीच्या हाती एकोणीस किंवा वीस वर्षे दाखवणारे आधार कार्ड देऊनच तिला गाडीत बसवतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मधील क्रम असा आहे: प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका अथवा महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीसारखी वैद्यकीय चाचणी. या यादीत आधार कार्ड नाही. म्हणून तिच्या पहिलीच्या शाळेचे नाव विचारावे आणि मुख्याध्यापकांकडून सर्वसाधारण नोंदवहीतील उतारा मागवावा. गावातल्या पोलीस पाटलांना एक फोन केला तर हा कागद अनेकदा त्याच दिवशी मिळतो.

तिसरी पायरी: कळवणे, आणि लेखी कळवणे

तातडीचा प्रसंग असेल तर ११२, बालकासाठी १०९८, महिलेसाठी १८१ आणि रेल्वेत किंवा फलाटावर असाल तर १३९. कल्याण, मनमाड किंवा भुसावळसारख्या जंक्शनवर रेल्वे सुरक्षा दलाशी आधीपासून ओळख असणे फार उपयोगी पडते, कारण गाडी सुटायला काही मिनिटेच उरलेली असतात. फोनवर अंदाज न सांगता दिसलेले सांगावे: गाडीचा क्रमांक, डबा, सोबत कितीजण आहेत, मुले कोणती भाषा बोलतात, तिकिटे कोणाच्या खिशात आहेत, आपण कोठे निघालो आहोत हे मुलांना सांगता येते का. मोठ्या माणसाने उत्तर देण्याआधी मुलाने स्वतः दिलेले उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवावे.

फोननंतर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. अर्ज पोलीस ठाण्याला, त्याची प्रत जिल्ह्याच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाला आणि बालक असल्यास जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘हद्द आमची नाही’ असे उत्तर मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा आदराने उल्लेख करावा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल होतो आणि मग तो संबंधित ठाण्याकडे वर्ग केला जातो. तरीही नकार मिळाला, तर त्याच कलमाने पोलीस अधीक्षकांना टपालाने माहिती पाठवण्याचा मार्ग दिलेला आहे. हरवलेल्या बालकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवण्याचे निर्देश दिले आहेत. ‘दोन दिवस वाट पाहा, येईल परत’ हा सल्ला आई-बापांना कोणी देत असेल तर त्यांच्यासोबत आपण स्वतः ठाण्यात जावे. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे गेला पाहिजे, म्हणून ती तारीख दैनंदिनीत आधीच टिपून ठेवावी.

बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणे हा पोक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे. संस्थेच्या वरिष्ठांना विचारून सांगतो, असे म्हणण्याची मुभा तेथे नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्वतः गिऱ्हाईक बनून आत जाऊ नये, दार ठोठावू नये, चित्रीकरण करू नये. आपल्या एका फेरीने पत्ता बदलतो आणि आतल्या मुली दुसऱ्या शहरात हलवल्या जातात. बालकाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे; त्यामुळे सुटकेच्या रात्री व्हॉट्सॲप समूहावर टाकलेले, चेहरा ‘जवळजवळ’ झाकलेले छायाचित्रही चालत नाही.

चौथी पायरी: कारवाईच्या वेळी आपली जागा

‘पिटा’च्या कलम १५ नुसार विशेष पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. त्यासाठी दोन प्रतिष्ठित पंच लागतात, त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते आणि सोबत किमान दोन महिला पोलीस असाव्या लागतात. सुटका झालेल्या स्त्रीची विचारपूस महिला पोलिसाने करायची असते, आणि महिला पोलीस उपलब्ध नसल्यास मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला सदस्याच्या उपस्थितीत. कायद्याने आपल्याला दिलेली जागा ही आहे. पंच म्हणून गेल्यास पंचनामा पूर्ण वाचावा, वेळा तपासाव्यात आणि मुलींचे कपडे, मोबाइल, कागदपत्रे नावानिशी नोंदवली गेली का, हे पाहावे. वर्षभराने साक्षीला उभे राहाल तेव्हा हेच आठवावे लागते.

प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले की वेश्याव्यवसाय करणे हा या कायद्याखाली स्वतःहून गुन्हा नाही आणि प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबून ठेवता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही छाप्यात सापडलेल्या, स्वेच्छेने काम करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना अटक, दंड किंवा छळ होऊ नये, असे निर्देश दिले. या दोन निर्णयांमुळे तस्करीविरुद्धचे काम अवघड झाले, असे काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही. सुटका म्हणजे दुसरी कैद होणार नाही, ही खात्री असेल तरच आतली बाई आपल्याशी खरे बोलते, आणि तिने सांगितलेल्या एका नावावरून अल्पवयीन मुलीपर्यंत पोहोचता येते.

पाचवी पायरी: उचल आणि वेठबिगारी

महाराष्ट्रात तस्करीची चर्चा कुंटणखान्यांपाशीच थांबते, ही मोठी उणीव आहे. रायगड, ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांतील कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती बहुतेक वेळा आधी घेतलेल्या उचलीपोटी. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले अल्प रक्कम आणि मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबवली जात असल्याचे एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले, तेव्हा नाशिक आणि नगर जिल्ह्यांत वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. शहरापासून काही तासांच्या अंतरावर हे वर्षानुवर्षे चालू होते, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

भट्टीवर गेल्यावर पहिली मागणी वहीची करावी. मी पाहिलेल्या वह्या साध्या, शाळेच्या दुरेघी वह्या होत्या. डाव्या बाजूला नवऱ्याचे नाव आणि उचलीचा आकडा, त्याखाली आठवड्याच्या बाजाराची ‘खर्ची’, मग औषधाचे, मयतीला गेल्याचे, मोडलेल्या विटांचे पैसे. उजव्या बाजूला पाडलेल्या विटांची संख्या. बायकोचे नाव कोठेच नाही, जरी विटा दोघांनी आणि मोठ्या मुलीने मिळून पाडलेल्या असतात. हंगामाच्या शेवटी बेरीज होते, काही हजार ‘अंगावर’ राहतात आणि ते फेडण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा यायचे ठरते. त्याखाली जांभळ्या शाईचा अंगठा. या एका पानावर वेठबिगारीचे सगळे घटक असतात: आगाऊ रक्कम, तिच्यापोटी श्रम, किमान वेतनापेक्षा कमी मजुरी आणि दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य नसणे. मालकाने वही दाखवली नाही, तर प्रत्येक प्रौढ मजुराला, स्त्रियांना पुरुषांपासून वेगळे बसवून, हेच चार मुद्दे विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत.

तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायची असते, कारण १९७६ च्या अधिनियमाने ही जबाबदारी महसूल यंत्रणेवर टाकली आहे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्याही असतात. आपल्या जिल्ह्याच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे आधीच विचारून ठेवावे. चौकशीत ‘त्यांनी पैसे घेतले होते, म्हणजे हा व्यवहार आहे’ असा युक्तिवाद ठरलेला असतो. त्याला उत्तर याच अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आहे. मजुराने कर्ज वेठबिगारीचे आहे असे म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. ते कर्ज कायद्यानेच संपुष्टात आलेले असते, त्यामुळे ‘उचल फेडा आणि मग जा’ अशी तडजोड कोणत्याही अधिकाऱ्यासमोर स्वीकारू नये.

चौकशीनंतर मिळणारे मुक्ती प्रमाणपत्र हा या कामातील सर्वांत मोलाचा कागद आहे. ते प्रत्येक मजुराच्या नावाने वेगळे हवे, स्त्रियांच्या नावानेही. कुटुंबप्रमुखाच्या नावाने एकच प्रमाणपत्र घेतले, तर बाकीच्यांचे पुनर्वसन कागदावर उरतच नाही. २०१६ च्या केंद्रीय योजनेनुसार प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व बालकांना २ लाख आणि लैंगिक शोषण वा तस्करीसारख्या अतिगंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांचे सहाय्य आहे. त्याखेरीज सुटकेनंतर लगेच द्यायची रक्कम खटल्याच्या निकालाची वाट न पाहता देता येते. उरलेले सहाय्य निकालाशी जोडलेले असल्यामुळे महसुली प्रमाणपत्रावर न थांबता पोलिसांत गुन्हाही दाखल करून घ्यावा आणि त्यात वेठबिगारीच्या कलमांसोबत न्याय संहितेचे कलम १४३ आणि लैंगिक शोषणही झाले असल्यास कलम १४४ आहे का, हे तपासावे. आदिवासी मजूर असतील तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचाही विचार व्हायला हवा.

सहावी पायरी: सुटकेनंतरचे दिवस

बालकाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. समितीची बैठक त्या दिवशी नसेल तर एका सदस्यासमोरही हजर करता येते. सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक म्हणून आधीच जवळ हवेत. पुढचा महत्त्वाचा टप्पा गृहचौकशीचा. समितीसमोर नातेवाईक म्हणून येणारी ‘मावशी’ किंवा ‘चुलता’ अनेकदा दलालाने पाठवलेली व्यक्ती असते, आणि कधी मुलीला विकणारे घरातलेच असतात. गावातील ग्राम बाल संरक्षण समिती, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांच्याकडून स्वतंत्रपणे खात्री झाल्याशिवाय ताबा दिला जाऊ नये, असा लेखी आग्रह धरावा. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत दंडाधिकारी चौकशी करतात. तिची इच्छा नोंदवली जाताना तेथे दलालाचा वकील तिच्या वतीने बोलत नाही ना, इकडे लक्ष द्यावे.

नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हे एकच दार लक्षात ठेवले तरी पुरे. १५१०० या क्रमांकावर कायदेविषयक मदत मिळते. बलात्कार किंवा बालकावरील लैंगिक अत्याचार असल्यास राज्याची २०१३ ची मनोधैर्य योजना लागू होते आणि तिच्यात गंभीर प्रकरणी १० लाख रुपयांपर्यंत सहाय्य मिळू शकते. राहण्यासाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि शक्ती सदन आहेत. बँक खाते पीडितेच्या स्वतःच्या नावाने उघडून घ्यावे.

सातवी पायरी: राज्याबाहेर

मुलगी पश्चिम बंगालची, कर्नाटकची किंवा बांगलादेशची असेल, तर भाषेचा दुभाषी ही पहिली गरज असते, आणि तो दुभाषी आरोपींच्या ओळखीचा नको. परदेशी मुलीवर केवळ बेकायदा वास्तव्याचा गुन्हा लावून तिला आरोपी केले जाते, तेव्हा ती तस्करीची पीडित असल्याचे पत्र संस्थेने तपास अधिकाऱ्यांना आणि न्यायालयाला त्वरित द्यावे. मायदेशी परतण्याची प्रक्रिया त्या नोंदीवर अवलंबून राहते.

कोकणातून आणि कोल्हापूर भागातून गोव्याशी संबंध येतोच. गोव्याचा २००३ चा बाल कायदा हा राज्याने स्वतः केलेला, तपशीलवार कायदा आहे. कुटुंबीय किंवा नातेवाइकांसोबत त्या खोलीत राहत असल्याची नोंद असल्याखेरीज बालकाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देऊ नये, ही जबाबदारी तो हॉटेलवर टाकतो. विमानतळ, रेल्वे आणि वाहतूक पोलिसांनी बालकांसह संशयास्पद प्रवास करणाऱ्या प्रौढांविषयी कळवावे, असेही तो सांगतो, आणि अशा खटल्यांसाठी गोव्यात स्वतंत्र बाल न्यायालय आहे. आपल्याकडची मुलगी तेथे सापडली तर केंद्रीय कायद्यांसोबत या कायद्याची कलमेही लावली आहेत का, हे तेथील पोलिसांना विचारावे. महाराष्ट्रातही हॉटेलांवर अशी स्पष्ट जबाबदारी टाकणारी तरतूद यायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

जिल्ह्यात नव्याने काम सुरू करताना पहिल्या महिन्यात एक पान तयार करावे: मानवी वाहतूक कक्षाचे अधिकारी, बाल कल्याण समितीचे अध्यक्ष, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, प्रत्येक प्रांताधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि जवळच्या जंक्शनवरील रेल्वे सुरक्षा दलाचे निरीक्षक, त्यांची नावे आणि क्रमांक. बदल्या होतात, म्हणून दर तीन महिन्यांनी ते पान नव्याने लिहावे. आणि सुटका होऊन परतलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे दिवाळीच्या आधी एकदा जाऊन यावे, कारण मुकादम उचल घेऊन वाडीवर येतो तो त्याच दिवसांत. मुक्ती प्रमाणपत्र घरात आहे का, खात्यात पैसे आले का आणि मोठी मुलगी शाळेत जाते का, हे तीन प्रश्न त्या भेटीत विचारावेत आणि उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत.